गोळी सोडून पाजलेलं दूध: ल्युपस नेफ्रायटिस असलेल्या एका बाळंतिणीचं प्रकरण

हे प्रकरण कोणा एका बाईची फाईल समोर ठेवून लिहिलेलं नाही. किडनीचा जुना आजार असलेल्या बाळंतिणींच्या बाबतीत जे घडत असतं ते एका जागी नीट दिसावं, म्हणून ते रचलं आहे. औषधांची माहिती मात्र खरी आहे. गोळ्यांचे डोस या प्रकरणापुरते समजावेत, कारण प्रत्येकीची किडनी आणि प्रत्येकीचं बाळ वेगळं असतं.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातली प्राथमिक शिक्षिका, वय २८, वजन ५४ किलो. चार वर्षांपूर्वी पायांना सूज, सांधेदुखी आणि गालांवर लाल चट्टे अशी सुरुवात झाली. लघवीतून प्रथिनं जात होती. बायोप्सीत ल्युपस नेफ्रायटिस, वर्ग ४, असं निदान झालं. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच किडनीतल्या गाळण्यांवर उलटते आणि तो बहुतेक करून मूल होण्याच्या वयातल्या बायकांनाच गाठतो. मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध), स्टेरॉइड आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन यांवर आजार आटोक्यात आला. लघवीतली प्रथिनं कमी राहावीत म्हणून रामिप्रिल चालू होतं.

मूल हवं असं ठरल्यावर तिच्या नेफ्रॉलॉजिस्टनी, म्हणजे किडनीतज्ज्ञांनी, योग्य ती पावलं उचलली. मायकोफेनोलेटमुळे गर्भाचे कान, ओठ, टाळू यांत व्यंग येऊ शकतं. म्हणून ते बंद करून त्याच प्रकारचं अ‍ॅझाथायोप्रिन सुरू केलं आणि आजार त्यावर सहा महिने शांत राहतो हे पाहूनच पुढे जायला सांगितलं. रामिप्रिलही थांबवलं. गर्भधारणेच्या वेळी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी मंदावली की वाढणारा घटक) १.१ होतं, म्हणजे किडनीचं काम साधारण ७० टक्क्यांच्या आसपास. लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण ०.४ होतं. बाराव्या आठवड्यापासून लहान डोसची अ‍ॅस्पिरिन दिली. चौतिसाव्या आठवड्यात बीपी चढू लागलं आणि छत्तिसाव्या आठवड्यात प्रीएक्लॅम्प्सियामुळे (गर्भारपणातला उच्च रक्तदाबाचा गंभीर विकार) सिझेरियन करावं लागलं. मुलगी झाली, वजन २ किलो २५० ग्रॅम.

इथपर्यंत सगळं नियोजनाबरहुकूम झालं होतं. गर्भारपणासाठी दोन वर्षं आखणी झाली आणि दूध पाजण्यासाठी कोणी एक ओळही लिहिली नाही. पुढे जे बिघडलं त्याची मुळं तिथेच आहेत असं माझं मत आहे.

पहिले आठ दिवस

बाळ चार आठवडे आधी आलेलं होतं. चोखताना दमायचं, दोन मिनिटांत झोपून जायचं. आईला पहिले दोन दिवस बीपीसाठी शिरेतून औषध चालू होतं, त्यामुळे बाळ वेगळ्या कक्षात होतं. रुग्णालयाशी जोडलेल्या दूधपेढीतून आणलेलं मातृदूध बाळाला वाटी-चमच्याने दिलं गेलं. महाराष्ट्राला ही सोय नवीन नाही. आशियातली पहिली मातृदूध पेढी १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. तिसऱ्या दिवसापासून आई हाताने दूध पिळून काढू लागली आणि सहाव्या दिवशी बाळाने नीट स्तन धरला.

वॉर्डातल्या परिचारिकेने एक गोष्ट फार चांगली केली. फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं, ‘डायक्लोफेनॅक देऊ नये’. सिझेरियननंतर टाके दुखतात म्हणून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन किंवा गोळी देणं आपल्याकडे सर्रास चालतं. अशी वेदनाशामकं दुधात जवळजवळ उतरत नाहीत, बाळाला त्यांचा त्रास नसतो. पण ती किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा आवळतात, आणि आधीच दुखावलेल्या किडनीला ते झेपत नाही. ‘दूध पाजणाऱ्या आईला चालतं’ याचा अर्थ ‘या आईला चालतं’ असा होत नाही. तिला पॅरासिटामॉलवर ठेवलं.

आठव्या दिवशी घरी सोडताना कागदावर पुढची औषधं होती: अ‍ॅझाथायोप्रिन १०० मिलिग्रॅम, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन २०० मिलिग्रॅम, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ७.५ मिलिग्रॅम, निफेडिपिन आणि लॅबेटॅलॉल बीपीसाठी, रक्ताची गाठ होऊ नये म्हणून सहा आठवडे एनॉक्सापॅरिनचं रोज एक इंजेक्शन, शिवाय लोह आणि कॅल्शियम. ही औषधं घेत असताना दूध पाजायचं की नाही, याबद्दल कागदावर एक शब्दही नव्हता. तोंडी विचारल्यावर निवासी डॉक्टर म्हणाले, “पाजा, काही होत नाही.” घाईत दिलेलं बरोबर उत्तर होतं ते. घरी गेल्यावर त्याचा आधार टिकला नाही.

घरी काय झालं

माहेरी आल्यावर नवऱ्याने अ‍ॅझाथायोप्रिनच्या खोक्यातलं माहितीपत्रक वाचलं. स्तनपान करणाऱ्या मातांनी घेऊ नये, असा त्याचा अर्थ होता. गावातल्या एका डॉक्टरांनी पाकीट पाहून सांगितलं, “ही कॅन्सरसारखी औषधं आहेत, वरचं दूध द्या.” सासूबाई भेटायला आल्या तेव्हा काळजीने म्हणाल्या, “अगं, एवढी जहाल औषधं पोटात घेऊन लेकराला पाजतेस होय?” यातल्या कोणाच्याही मनात वाईट नव्हतं.

आठवडाभर तिने दिवसा पावडरचं दूध दिलं आणि छातीत दूध दाटलं की पिळून मोरीत टाकलं. रात्री बाळ रडलं की राहवायचं नाही, म्हणून पाजायची आणि मग रात्रभर बाळाच्या अंगाला हात लावून बघायची. सोळाव्या दिवशी तिने आपल्यापुरता निर्णय घेतला. अ‍ॅझाथायोप्रिन बंद केलं, प्रेडनिसोलोन मनाने कमी केलं, आणि बाळाला पुन्हा पूर्ण अंगावर घेतलं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू ठेवलं, कारण ते मलेरियाचं औषध असल्याचं तिला माहीत होतं आणि मलेरियाचं औषध तिला सौम्य वाटलं. घरात कोणाला काही सांगितलं नाही.

हे मी थोडं सविस्तर सांगतो आहे, कारण तपासणीच्या खोलीत याची नोंद फक्त ‘रुग्णाने औषध बंद केले’ एवढीच होते. त्या चार शब्दांत तिचा दोष दिसतो. प्रत्यक्षात तिच्यासमोर दोन वाटा ठेवल्या गेल्या होत्या, औषध किंवा दूध, आणि दोन्हींपैकी एक निवडायचीच असेल तर कोणतीही आई काय निवडेल हे सांगायला नको. तिसरी वाट होती, ती तिला कोणी दाखवली नाही.

सदतिसाव्या दिवशी टाके आणि बीपी दाखवायला ती शहरात आली. बीपी १५२/९६. पायांवर बोट दाबलं की खळगा राहत होता. क्रिएटिनिन १.३, लघवीतल्या प्रथिनांचं प्रमाण २.१, लघवीत लाल पेशी, रक्तातलं सी-३ (ल्युपस उसळला की घटणारं प्रथिन) उतरलेलं. आजार पुन्हा उसळला होता.

औषध बंद केल्यामुळेच तो उसळला असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. बाळंतपणानंतरचे पहिले काही महिने ल्युपस उसळण्याचे म्हणून ओळखले जातात आणि औषधं नियमित घेणाऱ्या बायकांचाही आजार त्या काळात डोकं वर काढू शकतो. पण नेमक्या धोक्याच्या काळात तिच्या किडनीवरचं संरक्षण काढलं गेलं होतं, हे नाकारता येत नाही.

दुधात किती उतरतं

त्या दिवशी नेफ्रॉलॉजिस्ट, बालरोगतज्ज्ञ आणि स्तनपान समुपदेशक यांनी एकत्र बसून प्रत्येक औषध वेगळं तपासलं. पद्धत सोपी आहे. बाळ दिवसाला दर किलो वजनामागे साधारण १५० मिलिलिटर दूध पितं असं धरायचं. तेवढ्या दुधातून बाळाला दर किलोमागे किती औषध मिळेल ते काढायचं आणि आईच्या दर किलोमागच्या डोसशी त्याची तुलना करायची. हे प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली असेल तर बहुतेक औषधं चालतात असा सर्वमान्य संकेत आहे. त्यासाठीचे आकडे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरच्या ‘लॅक्टमेड’ या मोफत माहितीसाठ्यात कोणालाही पाहता येतात.

अ‍ॅझाथायोप्रिनचं शरीरात ६-मर्कॅप्टोप्युरिन होतं आणि दुधात मोजतात ते हेच. आयांच्या दुधाचे नमुने तपासून काढलेल्या हिशोबानुसार बाळाला दिवसाला दर किलोमागे ०.००७५ मिलिग्रॅमपेक्षा कमी मिळतं. या बाळाचं वजन तेव्हा २ किलो ७०० ग्रॅमच्या आसपास होतं. म्हणजे दिवसभरात जास्तीत जास्त ०.०२ मिलिग्रॅम. ढोबळमानाने, ५० मिलिग्रॅमच्या एका गोळीचे अडीच हजार तुकडे केले तर त्यातला एक. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अ‍ॅझाथायोप्रिन स्तनपानाला चालणाऱ्या औषधांतच आहे. मग माहितीपत्रक असं का म्हणतं? औषध कंपनी पुरेशी खात्री नसेल तिथे सरसकट ‘टाळावे’ असं लिहून मोकळी होते. कायद्याच्या दृष्टीने ती सुरक्षित राहते. ते पत्रक वाचणाऱ्या बाईचं पुढे काय होईल, हे पाहणं त्या पत्रकाचं काम नसतं.

गोळी घेतल्यावर पहिल्या चार तासांत दुधातलं प्रमाण सर्वांत जास्त असतं, म्हणून चार तास पाजू नका असं काही जण सांगतात. माझ्या मते हा सल्ला या बाळाच्या वयाला उपकारक नव्हता. दर दोन-अडीच तासांनी पिणाऱ्या बाळाला चार तास ताटकळत ठेवलं की दूध आटतं, आईच्या मनातली भीती पक्की होते, आणि वाचतं ते अत्यल्पातलं अत्यल्प. तिला एवढंच सांगितलं की गोळी रात्रीच्या पाजण्यानंतर घे, आणि बाळ मध्येच उठलं तर निःशंक पाज.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विन दुधात थोडं उतरतं, पण चालतं आणि ते बंद करणं आईसाठी घातक आहे. प्रेडनिसोलोन फार कमी उतरतं. निफेडिपिन आणि लॅबेटॅलॉल दोन्ही चालतात. बीपीसाठी अ‍ॅटेनोलॉल मात्र नको, कारण ते दुधात साठतं आणि बाळाला ते किडनीवाटेच बाहेर टाकावं लागतं. एनॉक्सापॅरिनचे रेणू इतके मोठे असतात की दुधात क्वचितच जातात, गेले तरी बाळाच्या पोटात ते पचून निकामी होतात.

आता प्रश्न नव्या औषधांचा होता, कारण जुनी पुन्हा सुरू करून भागणार नव्हतं.

मायकोफेनोलेट हा उसळलेल्या आजारावरचा नेहमीचा उपाय. पण स्तनपानात ते वापरण्याइतकी माहिती हाताशी नाही, म्हणून टाळतात. सायक्लोफॉस्फामाइड घ्यावं लागलं असतं तर दूध बंदच करावं लागलं असतं, तिथे तडजोड नाही. टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या दुसऱ्या औषधाचं चित्र वेगळं आहे. दुधातून बाळाला मिळणारं टॅक्रोलिमस आईच्या वजनानुसारच्या डोसाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतं. २०१३ साली ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, गर्भारपणात टॅक्रोलिमस घेतलेल्या आयांच्या बाळांच्या रक्तातलं औषध जन्मानंतर उतरत गेलं, आणि अंगावर पिणाऱ्या बाळांमध्येही ते तितक्याच वेगाने उतरलं. किडनी प्रत्यारोपण झालेल्या आयांनाही आज याच आधारावर पाजायला सांगतात.

म्हणून ठरलं असं: तीन दिवस शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन ५०० मिलिग्रॅम, नंतर तोंडी प्रेडनिसोलोन ३० मिलिग्रॅम आणि हळूहळू कमी. अ‍ॅझाथायोप्रिन पुन्हा चालू. जोडीला टॅक्रोलिमस १ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, रक्तातली पातळी पाहून पुढचा डोस. महिनाभरात क्रिएटिनिन उतरलं नाही तर बायोप्सी, आणि तिच्या निकालावर मायकोफेनोलेट आणि दुधाचा निर्णय. ही शेवटची अट तिला आधीच स्पष्ट सांगितली. पुढे दूध थांबवावं लागलं असतं तर निदान तो धक्का नसता.

शिरेतून इतका मोठा स्टेरॉइडचा डोस चालू असताना दुधाचं काय, हा प्रश्न खरा होता. त्याचं दुधातलं प्रमाण काही तासांत झपाट्याने उतरतं. तिला सलाईन लावण्याच्या अगदी आधी बाळाला पाजायला सांगितलं. पुढचे चार तास आधी काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने दिलं. त्या वेळात दाटलेलं दूध तेवढं काढून टाकलं, तीन दिवसांपुरतंच. या सगळ्या काळात दूध टाकून देण्याचं खरं कारण फक्त तिथेच होतं.

जे गर्भारपणात विष, ते बाळंतपणानंतर औषध

घरच्यांना सर्वांत अवघड गेलं ते रामिप्रिलच्याच गटातलं एनालाप्रिल समजून घेणं. लघवीतलं प्रथिन कमी करायला या गटातल्या गोळ्यांइतकं जुनं आणि खात्रीचं औषध दुसरं नाही. पण गर्भारपणात हेच औषध बाळाच्या किडनीला घातक असतं म्हणून नऊ महिने तिला दूर ठेवलं होतं. “मग आता कसं चालतं, डॉक्टर?” हा तिच्या आईचा प्रश्न अगदी रास्त होता.

उत्तर वाटेत आहे. पोटात असताना औषध वारेतून थेट बाळाच्या रक्तात जातं, आणि गर्भाची किडनी घडायला ज्या संप्रेरकांची गरज असते त्यांचीच ते वाट अडवतं. बाळाला मग लघवी होत नाही, गर्भजल आटतं. जन्मानंतर औषध आधी दुधात उतरावं लागतं, तिथे ते नगण्य असतं. त्यात एनालाप्रिलचं जे कामाचं रूप दुधात येतं ते तोंडावाटे पोटात गेलं तर नीट शोषलंच जात नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१९ सालच्या सूचनांमध्ये बाळंतपणानंतरच्या उच्च रक्तदाबासाठी एनालाप्रिल पहिल्या पसंतीच्या औषधांमध्ये आहे. रामिप्रिलबद्दल दुधातली माहिती तेवढी नाही, म्हणून जुनं रामिप्रिल परत न आणता एनालाप्रिल निवडलं.

एक काळजी मात्र घेतली. नवजात बाळाची किडनी अजून कच्ची असते आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाची आणखीच. पहिल्या काही आठवड्यांत अशा बाळाच्या आईला हे औषध देताना डॉक्टर थांबतात. हे बाळ आता अपेक्षित तारखेच्या पुढे गेलं होतं आणि वजन धरत होतं, म्हणून आईचं क्रिएटिनिन स्थिरावल्यावर सातव्या आठवड्यात २.५ मिलिग्रॅमपासून सुरुवात केली. बाळ सुस्त वाटतं का, दूध प्यायला नाखूश आहे का, दिवसाला सहा-सात लंगोट ओले होतात का, एवढं पाहायला सांगितलं.

याच गोळीमुळे पुढचा प्रश्न उभा राहिला. अंगावर पाजत असताना पाळी आलेली नसते, त्यामुळे दिवस राहणार नाहीत असा समज असतो. पूर्ण स्तनपान, पाळी न येणं आणि बाळ सहा महिन्यांच्या आतलं असणं, या तिन्ही अटी एकदम पाळल्या तरच तो भरवसा धरता येतो, आणि या बाळाला तर अधूनमधून वरचं दूधही मिळालं होतं. अशात नकळत दिवस राहिले असते तर गर्भापर्यंत एनालाप्रिल गेलं असतं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या ल्युपस उसळलेल्या बाईला द्यायच्या नसतात, शिवाय दूधही कमी होऊ शकतं. सरकारी दवाखान्यात मिळणारं ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन हाडांची घनता कमी करतं. ती आधीच स्टेरॉइडवर होती. तिला कॉपर-टी बसवली. दूध पाजण्याबद्दलच्या चर्चेत हा विषय फार क्वचित निघतो आणि तो निघायला हवा असं मला कळकळीने वाटतं.

दूध परत आणताना

महिनाभराच्या घालमेलीत दूध बरंच कमी झालं होतं. समुपदेशकांनी बाळाला दिवसभर आईच्या उघड्या छातीला लावून ठेवायला सांगितलं. दर दोन तासांनी पाजणं, रात्री दोनदा तरी नक्की, आणि पाजून झाल्यावर दहा मिनिटं दूध काढणं. पान्हा हळूहळू वाढला.

तेवढ्यात शेजारच्या गावातल्या नातेवाईक बाईंनी डॉम्पेरिडोन सुचवलं. उलटीची ही गोळी दूध वाढावं म्हणून आपल्याकडे खूप दिली जाते. ती हृदयाच्या ठोक्यांमधलं एक विद्युत अंतर लांबवू शकते. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनही तेच करतं, टॅक्रोलिमसही करू शकतं. तीन औषधं एकाच दिशेने ओढणारी एकत्र करायला नेफ्रॉलॉजिस्ट तयार झाले नाहीत, आणि ते योग्यच होतं.

घरगुती खाणंपिणं हा वेगळाच भाग. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, बाळंतशोपा यांना हरकत नव्हती. लोणचं-पापड मात्र बीपीसाठी बंद. काढे आणि भस्मं घेऊ नयेत असं सांगितलं, कारण त्यातले घटक कळत नाहीत आणि काहींमध्ये जड धातू असतात, जे किडनीतच साचतात. ऑनलाइन मागवलेल्या एका ‘दूधवर्धक’ पावडरच्या डब्यावर घटकांमध्ये अल्फाल्फा लिहिलेलं निघालं. अल्फाल्फा म्हणजे आपले शेतकरी जनावरांना घालतात ती लसूणघास. तिच्यातल्या एका अमिनो आम्लाने ल्युपस चाळवतो हे जुनं निरीक्षण आहे. डबा परत गेला.

नवव्या आठवड्यात रक्तातलं पोटॅशियम ५.४ आलं. एनालाप्रिल आणि टॅक्रोलिमस दोन्ही पोटॅशियम वाढवतात हे माहीत होतंच, पण एवढं का, म्हणून रोजचा आहार विचारला. दूध वाढावं म्हणून तिचे वडील रोज दोन शहाळी आणत होते. शहाळ्याचं पाणी पोटॅशियमने भरलेलं असतं. शहाळी थांबवली, आठवड्यात आकडा ४.७ वर आला. वडिलांना वाईट वाटलं. त्यांना सांगितलं की पाण्याची गरज खरीच आहे, तहान लागेल तेवढं साधं पाणी भरपूर द्या. शेक-शेगडीही कमी केली. घाम जाऊन शरीर कोरडं पडलं आणि त्यात एनालाप्रिल चालू असेल तर किडनी अचानक थकू शकते. उलट्या-जुलाब झाले तर एनालाप्रिल थांबवून लगेच फोन करायचा, हे कागदावर लिहून भिंतीला लावलं.

बाळाला कोवळं ऊन देण्याचं काम आजीकडे गेलं, कारण ल्युपस उन्हाने भडकतो. सासूबाईंची आणखी एक भीती होती, आजार दुधातून बाळात उतरेल ही. ल्युपस दुधातून उतरत नाही. तिच्या रक्तात अँटी-रो नावाची प्रतिद्रव्यं होती, आणि ती गर्भारपणात वारेतून बाळाकडे जाऊन क्वचित हृदयाची गती बिघडवू शकतात. म्हणूनच जन्मानंतर बाळाचा ईसीजी काढला होता आणि तो चांगला होता. जी प्रतिद्रव्यं गेली ती साधारण सहा-आठ महिन्यांत विरून जातात. हे समजल्यावर सासूबाईंनी स्वतःच वरच्या दुधाचा डबा कपाटात ठेवला. पुढे तो अधूनमधून निघालाच, कारण दूध शंभर टक्के कधीच पुरलं नाही. दिवसातून एखाद-दोन वेळा वाटी-चमच्याने वरचं दूध आणि बाकी सगळं अंगावर, असंच शेवटपर्यंत राहिलं. मला ते यशच वाटतं.

अकराव्या आठवड्यात स्तनाला गळवासारखी सूज येऊन ताप आला. प्रतिकारशक्ती दाबलेल्या बाईचा ताप थांबून पाहायचा नसतो. सेफालेक्सिन हे प्रतिजैविक दिलं, पाजणं त्याच बाजूनेही चालू ठेवलं. औषधाच्या दुकानदाराने क्लॅरिथ्रोमायसिन हे दुसरं प्रतिजैविक सुचवलं होतं. त्याने टॅक्रोलिमसची पातळी धोकादायक वाढली असती. दुकानदाराला दोष नाही, त्याच्यापुढे पूर्ण यादीच नव्हती. त्यानंतर तिने सगळ्या औषधांची नावं, डोस आणि ‘वेदनाशामकांमध्ये फक्त पॅरासिटामॉल’ असं लिहिलेलं कार्ड पर्समध्ये ठेवायला सुरुवात केली.

पुढे

बायोप्सीची वेळ आली नाही. तिसऱ्या महिन्यात क्रिएटिनिन १.१ वर आलं, प्रथिनांचं प्रमाण १.०, पाचव्या महिन्यात ०.६. प्रेडनिसोलोन ७.५ पर्यंत उतरलं. बाळाचं रक्त एकदाच तपासलं, बाळ अपुऱ्या दिवसांचं होतं म्हणून. पांढऱ्या पेशी आणि हिमोग्लोबिन वयाला साजेसे होते. अशी तपासणी प्रत्येक बाळाची करावीच लागते असं नाही, वजन आणि खेळतं-हसतं बाळ यांवरून बरंच कळतं. पाचव्या महिन्यात मुलगी ६ किलो १०० ग्रॅमची झाली.

शाळा सुरू झाल्यावर तिने मधल्या सुट्टीत दूध काढून ठेवायचं ठरवलं. मुख्याध्यापिकांनी कार्यालयाला लागून असलेली छोटी खोली त्यासाठी दिली. सहाव्या महिन्यानंतर नाचणीचं सत्त्व आणि वरण-भात सुरू झाला.

तिच्या फाईलमध्ये आता स्तनपानासाठी वेगळं पान आहे. त्यावर औषधांची नावं, प्रत्येकापुढे ‘चालते’ किंवा ‘नको’, आणि तिने विचारलेले प्रश्न उत्तरांसह लिहिलेले आहेत. शेवटची नोंद अशी: आजार पुन्हा उसळला आणि मायकोफेनोलेट घ्यावंच लागलं, तर तोवर बाळ वरचं खात असेल, तेव्हा दूध आठवड्याभरात हळूहळू सोडवून मग गोळी सुरू करायची. चालू असलेली गोळी आधी बंद करायची नाही. त्याखाली तिची आणि नवऱ्याची सही आहे. लघवीची पुढची तपासणी दीड महिन्याने आहे.